वारी वीस दिवसांची, चालणं वर्षाचं

दिंडीला शंभर वर्षं झाली आणि तुम्ही आम्हाला चार शब्द बोलायला उभं केलंत. आम्ही चौथी शिकलेले, नांगर आणि वीणा एवढंच आमच्या हाती. तेव्हा आज देवाबद्दल थोडं आणि देहाबद्दल जास्त बोलतो.

आपली जुनी मंडळी पोलादपुराकडून आंबेनळी आणि महाडाकडून वरंध घाट पायी चढायची. त्यांना व्यायाम हा शब्द ठाऊक नव्हता. चिखलणी, लावणी, डोंगरातली नाचणी-वरी, लाकडाचा भारा, हे वर्षभर चालूच. आता पोरं मुंबईला गेली, वरकस पडीक पडली, पॉवर टिलर आला, नळ दारात आला. आयाबायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे बरंच झालं. पण कष्ट कमी झाले आणि भाताचं ताट तेवढंच राहिलं! पोट पुढं आलं, गुडघे कुरकुरायला लागले. वारीत सामानाच्या गाडीत किती जण बसतात, ते आपण बघतोच.

जाणते डॉक्टर सांगतात, एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो. पाच किलो उतरवलं तर हिशेब तुम्हीच करा. आणि आपण काय करतो? ‘एकादशी, दुप्पट खाशी!’ साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, वर तूप. याला उपास कोण म्हणेल?

बारीक माणसानंही निश्चिंत राहू नये. म्हातारपणी वजन आपोआप उतरलं तर मांड्यांतलं बळ जातं, तोल जातो, माणूस पडतो. असं होत असेल तर डॉक्टरला दाखवा. माळकऱ्यानं कुळथाची पिठी, वालाची उसळ, दूध-ताक ताटात ठेवावं.

म्हातारपणाचं सुख म्हणजे काय हो? भुईवरून आपलं आपण उठता यावं, मोरीपर्यंत कुणाचा हात न धरता जाता यावं, देवळाची पायरी चढता यावी. समोर वारकरी भेटला तर त्याच्या पायाला वाकता यावं. आपल्या पंथात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. कंबरच वाकली नाही तर नमस्कार कसा घडायचा?

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांनाही आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालायला सांगते. म्हणजे रोजची 22 मिनिटं. शिवाय आठवड्यातून तीनदा ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम. आपल्या पावल्या म्हणजे दुसरं काय आहे? एका पायावर भार, वाकणं, उठणं, सगळं त्यात आलं.

म्हणून दिंडीपुढं एकच मागणं मांडतो. गावोगावच्या देवळात सांजेचा हरिपाठ खुर्चीवर बसून नको, उभ्यानं टाळ वाजवत, पावल्या टाकत व्हावा. ज्याला छातीचा त्रास आहे त्यानं डॉक्टरला विचारून यावं, ज्याचे गुडघे दुखतात त्यानं खांब धरून जमेल तेवढंच करावं. देवळात येताना मोटारसायकल घरी ठेवा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!