आधी उतार, मग टाइल

भिवंडीत पावसाळाभर हवा दमट असते, ओल लवकर वाळत नाही. म्हणून शॉवरचा कोपरा करताना टाइलच्या रंगाआधी पाण्याची वाट ठरवा. कोणी म्हणेल, टाइल लावली की पाणी अडलंच! टाइल अडवते, पण सांध्यांमधून पाणी झिरपतं. खालच्या घराच्या छताला बऱ्याचदा ओल येते ती यामुळेच. म्हणून टाइलखाली वॉटरप्रूफिंगचा थर हवाच, आणि तो भिंतीवरही चढवायला हवा.

जमिनीला जाळीकडे उतार द्या, मीटरला साधारण दीड सेंटीमीटर. वॉटरप्रूफिंगचा थर सुकला की जाळी बंद करून 24 तास पाणी साठवा आणि कुठे झिरपतं का ते पाहा. यात वेळ जातो, खर्चही वाढतो, हे खरं. पण बसवलेली टाइल फोडणं त्याहून महाग पडतं. गवंड्याला ठामपणे सांगा: पाणी साठवून पाहिल्याशिवाय टाइल लावू नका.