एका शब्दाचे ओझे



एका पदाच्या अर्थावरून भाष्यकारांत वाद माजावा, हे आपल्याला नवे नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथात समलिंगी संबंधांविषयी काय म्हटले आहे, यावर पाश्चात्त्य पंडितांनी केलेला खलही असाच शब्दाशब्दावरून झाला. त्यात माणसांची आयुष्ये गुंतलेली आहेत, म्हणून आम्ही तो विषय आज घेतला आहे.

प्रथम सदोम नगराची कथा पाहू. लोटाच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना 'जाणण्याची' मागणी गावकरी करतात. १९५५ साली डेरिक शर्विन बेली या इंग्रज धर्मपंडिताने असे मांडले की, हे हिब्रू क्रियापद बहुधा नुसत्या ओळखीच्या अर्थी येते. सबब गावकऱ्यांचा अपराध आतिथ्यभंगाचा. हे मत फारसे टिकले नाही, कारण त्याच कथेत लोटाच्या मुलींविषयी तेच क्रियापद उघड उघड शरीरसंबंधाच्या अर्थी आले आहे. तथापि बेलींचे श्रम वाया गेले नाहीत. तेथील धमकी बलात्काराची आहे, परस्परांच्या प्रीतीची नव्हे, हे पुढे अनेकांनी मानले. यहेज्केल संदेष्टा तर सदोमचे दोष सांगताना प्रथम गर्व, सुबत्ता व दीनांची उपेक्षा यांचीच नावे घेतो.

लेवीय ग्रंथातील दोन वचने मात्र स्पष्ट निषेधाची आहेत. तो निषेध सर्वकाळचा, की इस्राएलाच्या शुद्धाशुद्धतेपुरता, एवढाच तेथे वाद.

पौलाच्या पत्रांत अडचण भाषांतराची. करिंथकरांस पहिल्या पत्रातील 'आर्सेनोकोइताई' हा शब्द पौलापूर्वीच्या ग्रीक वाङ्मयात आढळलेला नाही. लेवीयाच्या ग्रीक भाषांतरातील 'पुरुष' आणि 'शय्या' हे शब्द जोडून तो घडला असावा, असे पुष्कळांचे मत आहे. १९४६ च्या एका इंग्रजी भाषांतरात हा शब्द आणि त्याच्या शेजारचा, मूळ 'मऊ' या अर्थाचा शब्द, या दोहोंसाठी मिळून 'होमोसेक्शुअल्स' ही एकोणिसाव्या शतकातली संज्ञा घातली गेली. १९७१ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

रॉबिन स्क्रॉग्ज यांनी १९८३ साली म्हटले की, पौलासमोर प्रौढ पुरुष व किशोर यांचे तत्कालीन संबंध होते. पण रोमकरांस पत्रात स्त्रियांचाही उल्लेख आहे. त्याची वाट काय? १९९६ साली बर्नाडेट ब्रूटन यांनी दाखविले की, स्त्रियास्त्रियांतील प्रेम त्या काळाला ठाऊक होते आणि पौलाने ते निषेधिलेच. मात्र ते वचन आज प्रमाण मानू नये. उलट रॉबर्ट गॅग्नन यांच्या मते (२००१) निषेध सरसकट आहे व बंधनकारकही आहे.

म्हणजे ग्रंथ काय म्हणतो हा एक प्रश्न, आणि त्याला आपण किती बांधील हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गैरसोयीचे आले तरी ते प्रामाणिकपणे द्यावे; दुसऱ्याचे ओझे मात्र कोशावर टाकता येत नाही.

हे ओझे आपल्याही दारी आले होते. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मध्ये 'निसर्गक्रमाविरुद्ध' अशी शब्दयोजना होती. पौलाच्या 'निसर्गाविरुद्ध' या शब्दांशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा तो बडगा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढला. शब्द ग्रंथात राहतात तोवर पंडितांचा वाद चालतो. ते कायद्यात उतरले की माणसे तुरुंगात जातात. म्हणून अर्थ लावणाऱ्याने सावकाश वाचावे, एवढेच आमचे सांगणे.