इंजिनाची टिकटिक

आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर पूर्वी गाडीचा सांगाडाच एवढा खडखडायचा की इंजिन काय म्हणते ते कानी पडतच नसे. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, तशी जुन्या गाड्यांची टिकटिक ऐकू येऊ लागली.

ओळखीची माणसे मला विचारतात, “भाऊ, मिस्तरी म्हन्ते इंजिन खोला लागते. खोलू का?” प्रश्न साधा नाही. विनाकारण खोलले तर हजारो रुपये गेले. खोलायला हवे होते आणि खोलले नाही, तर मूर्तिजापूरच्या अलीकडे भर उन्हात कुटुंबासह उभे राहावे लागते. म्हणून आधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तेल आहे का? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल कमी असेल किंवा पाण्यासारखे पातळ झाले असेल, तर वरच्या भागाला वंगण नीट मिळत नाही. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर गॅरेज गाठण्याचा मोह नको. तिथेच इंजिन बंद करावे.

दुसरा, ठेका कसा आहे? इंजिन जागच्या जागी मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट घेतो ४००. म्हणजे एक सैल टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो: हलका, शिलाई मशीनसारखा. याउलट आवाज खालून, जड ठोक्यासारखा येत असेल आणि चढावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवू नये.

तिसरा, आवाज केव्हा येतो? सकाळी चालू करताच क्षणभर येऊन थांबला, तर रात्री खाली उतरलेले तेल वर चढेपर्यंतचा तो असतो. पण थंड इंजिनात फटफट आणि तापल्यावर शांत, शिवाय मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळी, असे असेल तर गॅस्केट गळते आहे. त्यातला विषारी धूर गाडीत शिरू शकतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष नको.

चौथा, आवाज नेमका कुठून? लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाजवळ धरली, की डॉक्टरांच्या नळीसारखे ऐकू येते. मात्र पंखा आणि पट्ट्यापासून हात, बाही, ओढणी दूर ठेवावी.

आता महत्त्वाची गोष्ट. पद्मिनी, अँबेसिडर, मारुती ८०० या गाड्यांत टॅपेटची फट फिलर गेजने मोजून ठेवावी लागते. ती पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. टिकटिक नको म्हणून काही जण ही फट अगदीच आवळून घेतात. आवाज थांबतो, मालक खूश होतो. पण तापल्यावर झडप लांबते आणि फट नसेल तर पूर्ण बसत नाही. झडपेची बरीचशी उष्णता तिच्या बैठकीवाटे बाहेर जाते. ती वाट बंद झाली की झडप जळते. वर्षानुवर्षांच्या झिजेने झडप बैठकीत आत रुतली, तरी फट अशीच गुपचूप मिटते. गॅस किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत हे लवकर घडते.

सांगायचे ते इतकेच. थोडा वाजणारा टॅपेट बहुधा धोक्याचा नसतो. मोजमाप न करता गप्प केलेला टॅपेट मात्र धोक्याचा. जाड तेल ओतून आवाज दाबणे हीसुद्धा दुरुस्ती नव्हे. मिस्तरीला “आवाज बंद करा” असे सांगू नका. “फट मोजा, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा आणि मग सांगा,” असे म्हणा. हे काम तासाभराचे आहे. त्यानंतरही आवाज राहिला, तर इंजिन खोलण्याची गोष्ट खुशाल काढावी.