दाखला कुणाचा, फाइल कुणाची

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



संकेतस्थळं तयार करणं हा माझा गेल्या वीसेक वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग. आज एका छोट्याशा बटणाविषयी बोलणार आहे. परीक्षेचा फॉर्म, नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्ती, काहीही ऑनलाइन भरायला बसलात की शेवटी कुठंतरी ‘फाइल निवडा’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही फोटो निवडता, दाखला निवडता, क्षणभर काहीतरी गोल गोल फिरतं आणि ‘अपलोड झाले’ असं दिसतं. तुमच्या दृष्टीनं काम संपलं. माझ्यासारख्याचं तिथून सुरू होतं.

पूर्वी वेबवरच्या फॉर्ममधून फक्त मजकूर पाठवता यायचा. फॉर्मबरोबर फाइलही जावी, याचा रीतसर मसुदा १९९५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या नेबेल आणि मॅसिन्टर या दोघांनी मांडला. सोय मोठीच झाली. पण त्याबरोबर अनोळखी माणसानं दिलेलं गाठोडं आपल्या घरात ठेवून घेण्याची वेळही आली.

२०१६ सालची गोष्ट सांगतो. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ मी केलं होतं. अर्जाची मुदत संपायला चार दिवस राहिले असताना बीड जिल्ह्यातून एका गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

‘‘साहेब, पोरीचा उत्पन्नाचा दाखला तीनदा चढवला. चढवला की आमचाच दिसतो. सकाळी बघावं तर दुसऱ्याच कुणाचा.’’

‘‘काका, तुम्ही दुसऱ्याच्या अर्जात तर जात नाही ना?’’ मी विचारलं. आमच्या धंद्यात पहिला संशय नेहमी वापरणाऱ्यावर घ्यायची वाईट खोड आहे.

‘‘नाही हो. नाव पोरीचं, फोटो पोरीचा, दाखला तेवढा भलत्याचा. तालुका कार्यालयात दोन खेपा घालून आणलाय तो. कॅफेवाला दर खेपेला वीस रुपये घेतो.’’

मी अर्ज उघडला. खरोखरच दाखला दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलाचा होता. दुसरा अर्ज उघडला, तिथंही तोच. तिसऱ्यात तोच. पोटात गोळा आला.

कारण सापडायला दोन तास लागले, आणि ते माझंच होतं. बाहेरून आलेल्या फाइलचं नाव जसंच्या तसं वापरू नये, हे मला ठाऊक होतं. नावात तिरक्या रेघा आणि टिंबं घालून फाइल भलत्याच कप्प्यात घुसवता येते. म्हणून इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब सोडून बाकी सगळं गाळून टाकणारी एक ओळ मी लिहिली होती. सावधपणाच म्हणायचा. पण ‘उत्पन्नाचा दाखला’ या देवनागरी नावातलं सगळंच त्या चाळणीतून गळून जायचं. नाव रिकामं राहिलं तर ‘फाइल’ असं नाव द्यावं, अशीही ओळ होती. फक्त ती ‘या नावाची फाइल आधीच आहे का’ हे तपासणाऱ्या ओळीच्या खाली होती. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी आपल्या दाखल्याला नीट मराठीत नाव दिलं, त्या सगळ्यांचे दाखले एकाच नावानं एकावर एक बसत गेले. शेवटी येईल त्याचा राहायचा, आधीच्यांचे पुसले जायचे. ज्यांनी नाव द्यायचा कंटाळा केला, त्यांचे मात्र शाबूत. मराठीतलं संकेतस्थळ, मराठी मुलं, आणि करणाऱ्याला मराठी नाव सुचलंच नाही!

त्याहून वाईट म्हणजे एका कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न किती, हे भलत्यांना दिसत होतं.

त्या रात्री मी सगळंच नव्यानं लिहिलं. नाव आता आम्ही देतो, लांबलचक आणि कुणाला ओळखता न येणारं. मुलांनी दिलेलं मूळ नाव वेगळ्या नोंदवहीत राहतं, तेही फक्त दाखवण्यापुरतं. फाइली ज्या कप्प्यात ठेवायच्या, तो संकेतस्थळाच्या उघड्या अंगणात नसावा; आतल्या खोलीत असावा आणि अर्जदाराची ओळख पटल्यावरच त्यातून फाइल काढून द्यावी. याचा आणखी एक फायदा आहे. फोटो म्हणून कुणी चक्क एखादा प्रोग्रॅम पाठवला आणि तो अंगणात पडला, तर नुसता त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून तो चालवता येतो. मग तुमचा सर्व्हर तुमचा राहत नाही.

फाइल फोटोच आहे, हे ओळखायचं कसं? नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. ब्राउझर सोबत एक चिठ्ठी पाठवतो, ‘हे चित्र आहे’ म्हणून. तीही पाठवणाऱ्याच्याच हातची. वरून कीर्तन आतून तमाशा, हा प्रकार इथं सर्रास चालतो. म्हणून फाइल उघडून पहिली काही बाइट्स पाहायची. जेपीजी चित्राची पहिली तीन बाइट्स २५५, २१६, २५५ अशी ठरलेली असतात. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं आणि पी-डी-एफ या अक्षरांनी होते. झिप फाइल पी-के या अक्षरांनी सुरू होते. ती हा प्रकार निर्माण करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. पण ही पहिली बाइट्स खरी ठेवून पुढं भलतंच काही चिकटवता येतं. तेव्हा फोटोपुरता माझा उपाय असा, की आलेलं चित्र उघडायचं, त्यातले रंगाचे ठिपके तेवढे घ्यायचे आणि आपणच नवं चित्र तयार करून ठेवायचं. शेपटीला बांधून आणलेलं सगळं तिथंच गळतं. फोनवर काढलेल्या फोटोत कधी कधी तो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात, तेही जातात.

आकाराचं काय? इथं माझा थोडा राग आहे, तो सांगूनच टाकतो. ‘फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा’ अशी सूचना तुम्ही पाहिली असेल. हे ओझं अर्जदारावर का? फोन तीन-चार एमबीचा फोटो काढतो. मग तो लहान करून घ्यायला पोरं कॅफेत रांग लावतात. लहान करणं हे संगणकाचं काम आहे, चुटकीसरशी होतं. मर्यादा असावी, पण माणसाच्या हातातल्या फोनला परवडेल अशी असावी.

मर्यादेतही मी एकदा फसलो आहे. पीएचपी ही भाषा मुळात एका फाइलला २ एमबी आणि सगळ्या फॉर्मला मिळून ८ एमबी एवढीच परवानगी देते. मी पहिली वाढवून ५ केली, दुसरी विसरलो. एकेक तीन एमबीचे चार कागद जोडले की बारा होतात. अशा वेळी पीएचपी फाइलीच काय, भरलेला सगळा मजकूरही टाकून देते. तासभर बसून फॉर्म भरलेल्या मुलाला उत्तर मिळायचं : ‘सर्व रकाने भरणे आवश्यक आहे.’ त्यानं कपाळावर हात मारून घेतला असेल, नाही तर आणखी काय!

तर त्या दाखल्यांचं. किती जणांचे पुसले गेले, ते नोंदीवरून काढलं. एक्केचाळीस निघाले. संस्थेला सगळं खरं सांगितलं. तिथल्या बाई फोनवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मुदत आठ दिवस वाढवते, पण प्रत्येकाला फोन तुम्ही करायचा.’’ केले. काहींनी हसून सोडून दिलं, एका आजोबांनी चांगलं झापलं, दोघांचे फोन शेवटपर्यंत लागले नाहीत. त्यांच्या शाळांमार्फत निरोप धाडला.

बीडच्या त्या मुलीचा दाखला दुसऱ्याच दिवशी आला. चौथ्यांदा. नोंदवहीत मी मूळ नाव पाहिलं. तिनं फाइलला नाव दिलं होतं, ‘दाखला आमचाच आहे’.