बटणामागचा हिशेब

आम्ही अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून बोलतोय.

गटाच्या हिशेबासाठी कॉम्प्युटरवर स्वतःची विंडो बनवायला आम्ही शिकतोय. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट मिळते. तिच्यासोबतच टीकेइंटर येतं. त्यातून रक्कम लिहायचा रकाना आणि दाबायचं बटण तयार करता येतं. पायथन एकदा बसवलं, की नेट नसलं तरी चालतं.

पहिल्यांदा बटण दाबलं, व्याज दिसलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पण एक मावशी म्हणाल्या, "५,००० मधले १,००० मी फेडले, तरी व्याज १०० च कसं?" त्यांचं खरं होतं. महिना शेकडा २ रुपयांनी ४,००० चे ८० होतात. आम्ही बाकीऐवजी मूळ कर्जावर व्याज लावलं होतं. फरक २० रुपयांचाच, पण गट विश्वासावर चालतो.

बटण दाबल्यावर काय करायचं, ते आपणच लिहितो. आपण चुकलो, तर तेही दर वेळी चुकतं. म्हणून हिशेब आधी वहीत सोडवा, मग कॉम्प्युटरला सांगा. काही महिने दोन्ही ताडून पाहा. आणि जिला आपली बाकी तोंडपाठ आहे, त्या बाईला सगळ्यात आधी कॉम्प्युटरसमोर बसवा.