मुक्या जीवांचे ऋण आणि औषधांचा विवेक



औषधाची बाटली घरी येते तेव्हा तिच्यामागील मुक्या जीवांचे स्मरण क्वचितच होते. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने या प्रश्नाकडे पाठ फिरविणे उचित नव्हे. त्यासाठी एकच उदाहरण पाहू.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू मोठ्या आतड्यात दोन विषे निर्माण करतो. ती विषे आतड्याच्या अस्तरातील पेशींचा सांगाडा मोडतात. तीव्र अतिसार होतो आणि वृद्ध रुग्णांच्या प्राणांवर बेतते. निरोगी उंदराला हा जंतू सहसा बाधत नाही, कारण त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू पहारा देतात. २००८ साली अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना तीन दिवस पाच प्रतिजैविकांचे मिश्रण दिले, दोन दिवसांनी क्लिंडामायसिनचे इंजेक्शन दिले आणि मग जंतू पोटात घातले. पहारा उठला होता. उंदीर आजारी पडले, काही दगावले. व्हँकोमायसिन चालू असेतो ते वाचले, पण औषध थांबताच रोग उलटला.

उपकारक जंतू परत मिळाले तर? २०१३ साली नेदरलँड्समध्ये निरोगी व्यक्तीच्या मलातील जंतू रुग्णांच्या आतड्यात सोडण्यात आले. सोळापैकी तेरा रुग्ण पहिल्याच उपचाराने बरे झाले.

ज्ञान मिळाले, तरी उंदरांची हिंसा जाणूनबुजून झाली, हे नाकारता येत नाही. शास्त्रज्ञांनाही ही टोचणी आहे. १९५९ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात. भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. आज मानवी पेशींपासून सूक्ष्म आतडी प्रयोगशाळेत वाढविली जातात आणि विषांचे काही प्रयोग त्यांवर होतात. मात्र संपूर्ण शरीराची जागा ती अद्याप घेऊ शकत नाहीत.

व्यापारी समाजाला ऋणाची जाण असते. हे ऋण दोन मार्गांनी अंशतः फेडता येईल. दानाचा काही भाग अशा पर्यायी संशोधनाकडे वळवावा. आणि सर्दीपडशाला दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेऊ नयेत; डॉक्टरांनी दिली तर सांगितल्याप्रमाणेच घ्यावीत. ज्या सत्यासाठी उंदरांनी प्राण गमावले, ते ठाऊक असूनही दुर्लक्षिणे म्हणजे त्यांची हिंसा व्यर्थ ठरविणे होय.