वाढीव वेगाचें मोल

घरांत मेजावर ठेवण्याचा संगणक आपण विकत घेतों, तेव्हां त्यांतील प्रोसेसरचा वेग कारखान्यानें ठरवून दिलेला असतो. पुष्कळ संगणकांत बायोसमधील आंकडे बदलून हा वेग वाढवितां येतो. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जादा दाम न मोजतां जादा काम मिळावें ही इच्छा मनुष्यस्वभावाला धरूनच आहे, आणि ती कधीं कधीं फळासही येते. १९९८ सालीं इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणला. त्याचा ठरीव वेग ३०० मेगाहर्ट्झ. परंतु मदरबोर्डाचा मूळ ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला कीं तो ४५० मेगाहर्ट्झनें चालूं लागे, आणि त्यांतले पुष्कळ प्रोसेसर हा भार बिनतक्रार सोशीत. मग प्रत्येकानेंच असें कां करूं नये?

प्रोसेसर हा ठेक्यावर चालतो. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधील अवकाश इतका अल्प कीं, तेवढ्यांत प्रकाशकिरणदेखील जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. त्याच अवकाशांत असंख्य सूक्ष्म विद्युत्कळांनीं आपापली स्थिति बदलून स्थिर व्हावयाचें असतें. ठेका जलद केला कीं हा अवकाश आंखूड होतो, आणि एखादी मंद कळ स्थिर होण्यापूर्वींच पुढचा ठोका पडतो. कळा चपळ व्हाव्या म्हणून विद्युद्दाब वाढवावा लागतो, आणि येथेंच उष्णतेचा प्रश्न उभा राहतो.

कळांच्या उघडझांपेंत जी शक्ति खर्च होते, ती वेगाच्या प्रमाणांत वाढतेच. शिवाय ती विद्युद्दाबाच्या वर्गाच्याही प्रमाणांत वाढते. समजा, वेग ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झवर नेला आणि त्यासाठीं विद्युद्दाब १.२० वरून १.३५ व्होल्ट केला. वेगांत शेंकडा १५ वाढ झाली. उष्णतेंत मात्र शेंकडा सुमारें ४५! त्यांत आणखी, प्रोसेसर तापला कीं बंद कळांतूनही वीज अधिक झिरपते, आणि त्या गळतीनें तो अधिकच तापतो.

ही उष्णता काढून घेण्यासाठीं प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा बसवून त्यावर पंखा लावतात, आणि दोहोंमधील फटी बुजविण्यास थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. कांहीं हौशी लोक नळ्यांतून पाणी खेळवितात. पण पंखा असो वा पाणी असो, उष्णता अखेर खोलींतील हवेच्याच पदरांत पडते. जानेवारींत खोली २० अंशांवर असतांना जो प्रोसेसर भर कामांत ८० अंशांवर स्थिरावतो, तोच मे महिन्यांत, खोली ३८ अंशांवर गेली म्हणजे, ९८ अंशांच्या आसपास पोंचणार. नागपूर-अकोल्याकडील श्रोत्यांना हें वेगळें सांगावयास नको. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या सुमारास आपण होऊनच वेग उतरवितात. म्हणजे एवढ्या खटपटीनें मिळविलेला वेग ऐन उन्हाळ्यांत परत करावा लागतो. २०११ सालीं एएमडी कंपनीचा एक प्रोसेसर ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेऊन विक्रम करण्यांत आला खरा. पण त्यासाठीं द्रवरूप हेलियमची थंडी लागली. ती घरगुती सोय नव्हे.

यंत्र तापून बंद पडलें तर एका परीनें बरेंच, कारण तें मालकाला कळतें तरी. खरें भय आहे तें चालत्या यंत्रानें दिलेल्या चुकीच्या उत्तराचें. अवेळीं ठोका पडला तर शून्याच्या जागीं एक वाचला जातो. तो छायाचित्रांतील एखाद्या ठिपक्यांत पडला तर कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. जमाखर्चांत पडला तर बेरीज फिरेल. आणि मुलीच्या लग्नाची चित्रफीत साठवितांना पडला, तर ती चित्रफीत पुढें कदाचित् उघडणारही नाहीं.

म्हणून परीक्षा हवी. मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठीं तयार झालेल्या प्राइम९५ या प्रोग्रॅममध्यें अशी सोय आहे. ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं अवघड गणितें तो प्रोसेसरकडून तासन्‌तास सोडवून घेतो. एक उत्तर जरी चुकलें, तरी तो वेग टाकून द्यावा. ही परीक्षा रात्रभर चालवावी, आणि उन्हाळा लागतांच पुन्हा घ्यावी. तीत पार पडलें म्हणजे कायमची हमी मिळाली असें मात्र नाहीं.

अधिक विद्युद्दाबानें प्रोसेसर झिजतोही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर वाजवीपेक्षां अधिक विद्युद्दाबामुळें अस्थिर झाले, तेव्हां २०२४ सालीं कंपनीला मायक्रोकोडमध्यें दुरुस्ती करावी लागली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवावी लागली. जे प्रोसेसर आधींच झिजले होते, ते या दुरुस्तीनें पूर्ववत् झाले नाहींत.

कारखान्यानें जी ढील राखलेली असते, ती उन्हाळ्यासाठीं, धुळीसाठीं आणि यंत्राच्या उतारवयासाठीं असते. खेळाच्या संगणकावर ती हौसेनें खर्च करावयास हरकत नाहीं. वेग थोडा थोडा वाढवावा, विद्युद्दाब शक्य तितका कमी ठेवावा, आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची नक्कल आधींच अन्यत्र काढून ठेवावी. ज्या संगणकावर घरचा हिशेब आणि मुलांचा अभ्यास चालतो, त्याचा वेग मात्र कारखान्यानें दिला तेवढाच राहूं द्यावा.